हिलसाला शिडी नको होती

2019 च्या सुरुवातीला केंद्र सरकारने गंगेवरील फराक्का बंधाऱ्याविषयी एक योजना जाहीर केली. जहाजांना बंधाऱ्याच्या एका बाजूकडून दुसरीकडे नेण्यासाठी तेथे जे नवे लॉक उभारले जात होते, त्याची दारे मध्यरात्रीनंतर 1 ते पहाटे 5 या वेळात माशांसाठी उघडी ठेवावयाची होती. मासा अर्थातच हिलसा. बंगाली माणसाचा इलिश, ओडिशाचा इलिशी, आंध्रचा पुलसा, सिंधी लोकांचा पल्ला आणि मुंबईच्या बाजारातला पाला. बातमी वाचणाऱ्यांना त्या वेळापत्रकाची गंमत वाटली. परंतु या चार तासांमागे जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा एक वाद आहे, आणि त्या वादाचा मोठा भाग चुकीच्या प्रश्नाभोवती फिरत राहिला आहे.

प्रश्न असा विचारला गेला की, मासा भिंत कशी ओलांडील? विचारावयास हवे होते ते हे की, मासा वर येतो तो कशाच्या हाकेने, आणि ती हाक त्याच्यापर्यंत पोहोचते का?

हिलसा हा हेरिंगच्या गणगोतातला मासा. फ्रान्सिस बुकानन-हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांवरच्या आपल्या 1822 च्या ग्रंथात त्याला शास्त्रीय नाव दिले. आज तो टेन्युआलोसा इलिशा म्हणून ओळखला जातो. आयुष्याचा बराच काळ तो किनाऱ्याजवळच्या खाऱ्या पाण्यात काढतो आणि अंडी घालण्यासाठी नदीत शिरून प्रवाहाविरुद्ध वर चढतो. या बाबतीत तो सामन माशाचा समव्यवसायी म्हणावा लागेल. वर चढण्याचे त्याचे हंगाम दोन आहेत. मुख्य हंगाम पावसाळ्याचा, साधारण जुलै ते ऑक्टोबर. दुसरा, तुलनेने लहान, जानेवारी ते मार्च. गंगेतून तो अलाहाबादच्याही पलीकडे जात असे आणि यमुनेत आग्र्यापर्यंत, क्वचित दिल्लीपर्यंत पोहोचल्याच्या नोंदी आहेत. समुद्रापासून हजार किलोमीटरहून अधिक आत, तेही वाटेत फारसे काही न खाता, अंगी साठवलेल्या चरबीवर. खवय्ये ज्या चवीसाठी जीव टाकतात ती चव म्हणजे या प्रवासाची शिदोरीच होय.

सामन आणि हिलसा यांच्यातील हे साम्य पुढे घोटाळ्याचे कारण ठरले.

गोष्टीची सुरुवात दक्षिणेत होते. 1836 मध्ये आर्थर कॉटन या तरुण लष्करी अभियंत्याने कोळ्ळिडम नदीवर, म्हणजे इंग्रजी कागदपत्रांतल्या कोलरून नदीवर, बंधारा बांधला. त्याला लोअर ॲनिकट म्हणतात. कोळ्ळिडम ही कावेरीचीच एक शाखा. त्यानंतर 1847 ते 1852 या काळात त्याने गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा उभारला. दुष्काळाने पिचलेला गोदावरीचा त्रिभुज प्रदेश या एका कामाने भाताचे कोठार झाला, आणि तेथील शेतकरी आजही कॉटनच्या पुतळ्याला हार घालतात. त्यांचे ते ऋण खरेच आहे. परंतु बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला दर पावसाळ्यात दुसरे एक दृश्य दिसू लागले. समुद्राकडून आलेला हिलसा बंधाऱ्याच्या पायथ्याशी येऊन अडे, तेथेच घुटमळत राही, आणि कोळ्यांच्या जाळ्यांना त्याला वेचून काढण्यापलीकडे काही काम उरत नसे.

येथे इतिहासाने एक अनपेक्षित वळण घेतलेले दिसते. या प्रकाराकडे सरकारचे लक्ष वेधणाऱ्यांत स्वतः कॉटनच होते. 1860 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी असा मुद्दा मांडला की, माशांना वर जाण्याची वाट न ठेवता नद्यांवर आडवे बंधारे घातल्याने किनाऱ्यावरच्या मासेमारीचेही नुकसान होत असावे. आपल्याच कामाच्या दुष्परिणामाची चौकशी व्हावी अशी मागणी करणारे अभियंते कोणत्याही शतकात विरळाच. कॉटनच्या चरित्रात या प्रसंगाला मिळते त्याहून अधिक जागा मिळावयास हवी होती.

चौकशीचे काम गेले फ्रान्सिस डे यांच्याकडे. डे हे मद्रास लष्करातले शल्यवैद्य. मासे हा त्यांचा छंद होता. तो हळूहळू पेशा झाला आणि पुढे ते हिंदुस्थानच्या मत्स्यव्यवसायाचे इन्स्पेक्टर जनरल झाले. हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातील गोड्या पाण्यातील मासे व मासेमारी यांवरचा त्यांचा अहवाल 1873 मध्ये प्रसिद्ध झाला. आजही तो वाचताना या माणसाची चिकाटी जाणवते. जिल्ह्याजिल्ह्यांतील अधिकाऱ्यांना प्रश्नावल्या पाठवून त्यांनी माहिती मिळवली आणि बंधारे स्वतः जाऊन पाहिले. माशांची हानी होते आहे आणि तिचे एक मोठे कारण हे बंधारे आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

उपाय कोणता, हा प्रश्न आला तेव्हा विचाराची दिशा ठरून गेलेली होती. इंग्लंडमध्ये 1861 साली सामनच्या मासेमारीचा कायदा झाला होता आणि त्यानुसार नव्या बंधाऱ्यांना मासे जाण्याची वाट ठेवणे बंधनकारक झाले होते. ही वाट म्हणजे बहुधा मत्स्यशिडी: एकावर एक चढत्या क्रमाने बांधलेली लहान लहान कुंडे, त्यांतून खाली उतरणारे पाणी, आणि एका कुंडातून वरच्या कुंडात झेप घेणारा सामन. सामन झेप घेतो, हे खरे. अनुकूल ठिकाणी तो तीन मीटरपर्यंत उडी मारतो. तेव्हा जी शिडी स्कॉटलंडच्या नद्यांवर चालते ती कावेरीच्या शाखेवरही चालावी, असे मानले गेले. कोळ्ळिडमच्या बंधाऱ्यावर अशी वाट करून पाहण्यात आली. हिलसाने तिच्याकडे पाठ फिरवली.

त्याने पाठ का फिरवली, याची दोन कारणे आज सांगता येतात. दोन्ही पाण्याच्या गतीशी निगडित आहेत.

पहिले कारण सोपे आहे. हिलसा झेप घेत नाही. तो थव्याने, खोल पाण्यातून, सलग पोहत जाणारा मासा आहे. अरुंद कुंडात एकेकट्याने शिरून उड्या मारणे त्याच्या स्वभावातच नाही.

दुसरे कारण अधिक खोल आहे. नदीत वर चढणारा मासा डोळ्यांनी वाट शोधत नाही. पुराच्या गढूळ पाण्यात तसे शक्यही नाही. अंगाला लागणारा प्रवाह, पाण्याचा गढूळपणा, तापमान आणि खारेपणातील बदल हे त्याचे दिशादर्शक असतात. ज्या दिशेने प्रवाह जोराने येतो तिकडे तो तोंड करतो. आता बंधाऱ्याचे दृश्य डोळ्यांपुढे आणावे. नदीचे बहुतेक पाणी बंधाऱ्यावरून किंवा दारांखालून धडधडत येत आहे आणि काठाशी एका कोपऱ्यात शिडीतून त्याचा एक क्षुल्लक अंश झुळझुळत आहे. मासा जातो तो धडधडाटाकडे. तेथे त्याला वाट नाही. शिडीला वाट आहे, पण तिच्याकडून येणारी हाक फार क्षीण आहे. ज्या देशांनी पुढे मत्स्यमार्गांचा गांभीर्याने अभ्यास केला त्यांना हेच उमगले: शिडीचा आकार दुय्यम असतो. तिच्या तोंडाशी पाणी किती आणि कोणत्या वेगाने बाहेर पडते, यावर सारे अवलंबून असते.

सामनच्या बाबतीतही पाण्याचे हे महत्त्व आहेच. ब्रिटनच्या नद्यांत कोरड्या दिवसांत सामन मुखाशी थांबून राहतो आणि पाऊस पडून नदी चढली की आत शिरतो, हे तेथील कोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. म्हणजे सामनच्या देशातून शिडी आणली गेली. शिडीला जिवंत ठेवणारे पाण्याचे शहाणपण मात्र तिकडेच राहिले.

1897 साली हिंदुस्थानच्या मत्स्यव्यवसायाचा कायदा झाला. सुरुंग लावून आणि विष कालवून मासे मारण्याला त्याने बंदी घातली आणि जाळी, बंधारे यांविषयी नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. इंग्लंडच्या कायद्यात होती तशी सक्ती मात्र त्यात नव्हती. पाटबंधारे खाते हे महसूल आणणारे खाते होते. मासे विकून सरकारच्या तिजोरीत फारसे काही पडत नसे.

पुढचा धडा कावेरीनेच दिला आणि तो फार स्पष्ट होता. 1934 मध्ये मेट्टूरचे धरण पूर्ण झाले. हे धरण लोअर ॲनिकटपासून कितीतरी वर, डोंगरांच्या तोंडाशी आहे. हिलसाच्या वाटेत नवी भिंत आली नव्हती. त्याची वाट अडवणारा बंधारा 1836 पासून होता तोच, आणि त्याच्या खाली मासेमारी चालूच होती. बदलले ते एवढेच की, पावसाळ्याच्या आरंभी कावेरीला जे पूर येत, ते आता मेट्टूरच्या जलाशयात अडू लागले. आणि कावेरीच्या मुखाकडचा हिलसा ओसरू लागला. काही वर्षांतच तेथील मासेमारी मोडली.

एखाद्या प्रयोगशाळेत याहून नेटका प्रयोग मांडता आला नसता. भिंत जशीच्या तशी ठेवून फक्त प्रवाह काढून घेतला, तर काय होते? मासा नदीत शिरतच नाही. ज्याला पुराची हाक ऐकू येत नाही, त्याच्यापुढे शिडी ठेवली काय आणि न ठेवली काय, सारखेच.

1942 मध्ये बंगळुरूच्या ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात मद्रासचे डी. डब्ल्यू. देवनेसन यांनी दक्षिणेतील बंधारे आणि हिलसा यांवर टिपण लिहिले आणि त्याच वर्षी सुंदरलाल होरा यांनीही त्याच पानांवर धरणे व हिलसाचे स्थलांतर हा विषय हाताळला. युद्ध चालू होते, बंगालवर दुष्काळाची छाया येऊ घातली होती, आणि या देशातले दोन प्राणिशास्त्रज्ञ बंधाऱ्याखालच्या माशांविषयी लिहीत होते. तो विषय त्यांना गौण वाटला नाही, याची नोंद घ्यावीशी वाटते.

होरा (1896–1955) यांच्याविषयी दोन शब्द अधिक लिहिणे भाग आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे ते पुढे संचालक झाले. सह्याद्रीतील आणि ईशान्येकडील माशांमध्ये साम्य कसे, याचे उत्तर देण्यासाठी त्यांनी मांडलेली सातपुडा उपपत्ती महाराष्ट्रातील जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित असते. त्याआधी त्यांनी वर्षानुवर्षे डोंगरी ओढ्यांतल्या प्राण्यांचा अभ्यास केला होता: खळाळत्या पाण्यात खडकाला चिकटून राहण्यासाठी माशांच्या अंगी कोणते बदल होतात, चपटे पोट कसे येते, पर आडवे कसे पसरतात. प्रवाहाचा जोर माशाचे शरीर घडवतो, हे या माणसाने आपल्या हातांनी तपासले होते. त्यामुळे हिलसाकडे वळताना ‘भिंत किती उंच’ या प्रश्नावर त्यांचे समाधान होणे शक्यच नव्हते.

त्या काळी हिलसा नेमका कोठे अंडी घालतो हेही निश्चित ठाऊक नव्हते. त्याचा उलगडा अत्यंत गद्य अशा ठिकाणी झाला. कलकत्त्याला पिण्याचे पाणी पुरवण्यासाठी हुगळीचे पाणी पलता येथील जलकेंद्रात घेतले जाई आणि गाळ बसण्यासाठी मोठ्या टाक्यांमध्ये साठवले जाई. या टाक्यांत होरा यांना हिलसाची पिले आढळली. नदीच्या पाण्याबरोबर अंडी व पिले आत खेचली गेली होती आणि टाकीत वाढत होती. पलता समुद्रापासून फार दूर नाही. अर्थात हिलसा हुगळीच्या या भागातही अंडी घालत होता. 1938 साली होरा यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले, आणि के. कृष्णन नायर यांच्यासह ते आणखी पुढे नेले. नगरपालिकेच्या गाळटाकीने ते काम केले, ज्यासाठी एरवी एखादी मोहीम काढावी लागली असती.

1947 मध्ये केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय पुढे बराकपूरला, पलत्याच्या शेजारीच आले. या संस्थेने गंगेकाठच्या बाजारांत उतरणाऱ्या माशांच्या नोंदी ठेवण्यास सुरुवात केली. हे काम फार कंटाळवाणे असते. दररोज घाटावर जाऊन वजने लिहावयाची, वर्षानुवर्षे. परंतु पुढे जे घडले ते आज आकड्यांत सांगता येते, ते या कंटाळवाण्या नोंदींमुळेच.

पुढे घडले ते फराक्का. गंगेचे पाणी हुगळीकडे वळवण्याची कल्पना जुनी. ती प्रथम सुचवली तीही आर्थर कॉटन यांनीच, 1853 साली. कलकत्त्याचे बंदर गाळाने भरत होते. गंगेचा मुख्य प्रवाह पद्मेतून पूर्वेकडे जाई आणि भागीरथी-हुगळी उन्हाळ्यात जवळजवळ कोरडी पडे. 1957 मध्ये जर्मन अभियंते वॉल्टर हेन्सेन यांनी बंधारा बांधण्याची शिफारस केली, 1961 च्या सुमारास काम सुरू झाले, आणि 21 एप्रिल 1975 रोजी फराक्काचा बंधारा कार्यान्वित झाला. सव्वादोन किलोमीटर लांबीचा बंधारा, शंभराहून अधिक दारे, आणि 40,000 क्युसेक पाणी भागीरथीकडे नेण्यासाठी सुमारे 38 किलोमीटरचा कालवा. माशांचाही विचार झालेला होता: फिश-लॉकची सोय ठेवण्यात आली होती, म्हणजे माशांना एका कोठडीत घेऊन पाण्याची पातळी चढवून वर सोडण्याची व्यवस्था. तिचा प्रत्यक्षात काही उपयोग झाला नाही.

बंधाऱ्यापूर्वीच्या वर्षांत अलाहाबादला वर्षाला सरासरी सुमारे 19 टन हिलसा उतरे आणि बक्सरला सुमारे 32 टन. बंधाऱ्यानंतर अलाहाबादला सुमारे 1 टन, बक्सरला अर्ध्या टनाच्या आसपास. भागलपूरलाही तीच कथा. उत्तर प्रदेश आणि बिहारमधल्या गंगेकाठच्या निषाद व मल्लाह कुटुंबांच्या वर्षाच्या हिशेबातून एक मासा पुसला गेला. त्याची भरपाई कोणी मागितली नाही, कारण नुकसान कोणत्याही एका दिवशी झालेले नव्हते. मासा फक्त यायचा थांबला.

बंधाऱ्याच्या दाराखाली काय घडते, याचे साधे गणित करून पाहण्यासारखे आहे. दार थोडे उचलले की खालून जो झोत निघतो त्याचा वेग दोन्ही बाजूंच्या पातळीतील फरकावर ठरतो. टॉरिचेल्लीचे हे सूत्र शाळेतही येते. फरक अर्धा मीटर असेल तर झोताचा वेग सेकंदाला सुमारे 3.1 मीटर, एक मीटर असेल तर 4.4 मीटर, दोन मीटर असेल तर 6.3 मीटर. आता मासा. केंब्रिजच्या रिचर्ड बेनब्रिज यांनी 1950 च्या दशकात फिरत्या चक्राकार टाकीत माशांना पोहायला लावून वेग मोजले. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा की, मासा अगदी क्षणभरच सेकंदाला आपल्या लांबीच्या दहापट अंतर कापू शकतो. काही सेकंदांतच हा वेग झपाट्याने उतरतो. हिलसा 35 ते 40 सेंटीमीटरचा धरला तर त्याची कमाल धाव सेकंदाला 4 मीटरच्या आतबाहेर, तीही एक-दोन सेकंद.

तेव्हा पातळीतील फरक एक मीटरचा असला की हरणे निश्चित आहे. फरक अर्धा मीटर असला तरी मासा फार तर सेकंदाला एक मीटरने पुढे सरकेल, आणि दाराखालचा तो वेगवान पट्टा ओलांडून होण्याआधीच त्याचा दम संपेल. पाण्यात पोहण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट करावयाचा तर शक्ती आठपट हवी. चरबीच्या शिदोरीवर निघालेल्या प्रवाशाला हा जकातीचा दर परवडणारा नाही. ऐन पुरात दारे पूर्ण वर असतात आणि दोन्हीकडच्या पातळ्या जवळ येतात. अलाहाबादचा आकडा शून्यावर न जाता एका टनाशी थांबला तो बहुधा त्या दिवसांच्या कृपेने. वसंतातल्या हंगामात मात्र बहुतेक दारे मिटलेली असतात.

म्हणजे एकाच बंधाऱ्याशी प्रवाह दोन्ही टोकांनी चुकतो. दाराशी तो माशाला न पेलण्याइतका जोरकस असतो. खाली नदीत, बंधाऱ्यापासून मुखापर्यंत, तो माशाला बोलावण्याइतकाही उरत नाही.

हे सारे दोषारोपाच्या सुरात लिहून थांबता आले असते, आणि अनेक लेख तेथेच थांबतात. परंतु फराक्काच्या कथेला आणखी एक बाजू आहे, आणि मुद्दा खऱ्या अर्थाने सिद्ध होतो तो तिच्यामुळेच. ज्या पाण्याने पद्मा आणि वरची गंगा हिलसाला मुकली, तेच पाणी कालव्याने भागीरथीत गेले. 1975 नंतर हुगळीत गोड्या पाण्याचा प्रवाह वाढला, मुखाकडचा खारेपणा खाली ढकलला गेला, आणि हिलसाला अंडी घालण्याजोगा गोड्या पाण्याचा पट्टा लांबला. बराकपूरच्या संशोधकांना हुगळीच्या खाडीत हिलसा वाढल्याचे आढळले. बंधारा एकच, मासाही एकच. जेथून पाणी गेले तेथून मासा गेला. जेथे पाणी आले तेथे मासा आला.

सिंधू नदीतही हेच उलट क्रमाने दिसते. पल्ला पूर्वी मुलतानपर्यंत चढत असे. 1932 च्या सक्कर बंधाऱ्याने आणि 1955 च्या कोत्री बंधाऱ्याने त्याची हद्द टप्प्याटप्प्याने खाली आणली. कोत्रीच्या खाली तर वर्षातील बराच काळ नदी नावापुरती उरते, आणि पल्लाही तसाच. उल्हासनगरच्या सिंधी वसाहतीत झूलेलालची जी तसबीर घराघरांत असते, तीत देव ज्या माशावर आरूढ आहे तो हाच. प्रवाहाविरुद्ध जाणारा मासा जलदेवतेचे वाहन म्हणून निवडणाऱ्यांना नदीचे मर्म चांगलेच कळलेले होते.

गोदावरीत हिलसा अजून येतो. जुलै-ऑगस्टमध्ये तांबड्या पाण्याचा पूर उतरला की यानम आणि धवळेश्वरमच्या दरम्यान पुलसा पकडला जातो आणि एकेक मासा हजारो रुपयांना विकला जातो. धवळेश्वरमच्या पलीकडे त्याला वाट नाही. कॉटनच्या बंधाऱ्याच्या जागी आता नवा बंधारा आहे, नाव कॉटनचेच. पण पुराची हाक तेथे अद्याप पोहोचते. त्या पुरातला मोठा वाटा वैनगंगा आणि वर्धा यांचे पाणी घेऊन येणाऱ्या प्राणहितेचा असतो. गडचिरोली-चंद्रपुरात पडलेला पाऊस शेकडो किलोमीटर खाली बंगालच्या उपसागरातल्या माशाला नदीत बोलावतो. विदर्भात धरणांचे नियोजन करताना हा मासा कोणाच्या हिशेबात असेल, असे वाटत नाही.

आता पुन्हा त्या मध्यरात्रीच्या चार तासांकडे. जहाजांचे लॉक ही मुळात मोठी कोठडीच असते. तिची दारे ठरावीक वेळी उघडून, वेग माशाला पेलेल इतका ठेवून, थव्याला जाता येईल एवढी रुंद व खोल वाट देणे हा विचार कुंडांच्या शिडीपेक्षा हिलसाच्या स्वभावाशी निश्चित अधिक जुळणारा आहे. त्याच्या जोडीला नमामि गंगे योजनेतून बराकपूरची संस्था बंधाऱ्याखाली पकडलेले प्रौढ हिलसा जिवंत वर नेऊन सोडते, काहींच्या अंगाला खुणेच्या पट्ट्या लावते आणि कोळ्यांना त्या परत आणून देण्याचे आवाहन करते. हिलसा हाताळताना पटकन मरतो. त्याला जिवंत ठेवून वाहून नेणे हेच एक कौशल्य आहे. या प्रयत्नांबद्दल आदर बाळगूनही एक गोष्ट म्हणावी लागते. वर सोडलेले मासे, त्यांची अंडी आणि पिले यांना पुढे लागणार आहे ते पाणीच. आणि लॉकच्या दाराशी थवे येण्यासाठी आधी ते मुखापासून तेथवर आलेले असावे लागतात.

तेथवर येण्याचा प्रश्न एका वेगळ्या कागदावर सुटतो किंवा अडतो. 12 डिसेंबर 1996 रोजी भारत आणि बांगलादेश यांच्यात गंगेच्या पाणीवाटपाचा करार झाला. 1 जानेवारी ते 31 मे या कोरड्या काळासाठी फराक्काला येणाऱ्या पाण्याची दहा-दहा दिवसांच्या हप्त्यांनी वाटणी त्यात ठरवलेली आहे. पाणी 70,000 क्युसेक किंवा त्याहून कमी असेल तर निम्मे-निम्मे. 75,000 पर्यंत असेल तर बांगलादेशाला 35,000 आणि उरलेले भारताला. त्याहून अधिक असेल तर भारताला 40,000 आणि उरलेले बांगलादेशाला. कोष्टकाच्या पहिल्या तीन महिन्यांत, जानेवारी ते मार्च, हिलसाचा वसंतातला हंगाम बरोबर बसतो. वाटणीत दोन वाटेकरी आहेत. पाण्यात राहणाऱ्यासाठी तिसरा रकाना नाही.

कराराची मुदत 30 वर्षांची, म्हणजे 2026 च्या डिसेंबरापर्यंत. नव्या कोष्टकासाठी दोन्ही देशांचे अभियंते बसतील तेव्हा बंदराचा गाळ, शेतीचे पाणी, खुलन्याकडचा खारेपणा हे विषय टेबलावर असतीलच. बराकपूरला घाटाघाटांवरच्या वजनांच्या वह्या आहेत. त्यांतले आकडे 1975 च्या आधीपासूनचे आहेत.